पर्समधली पक्कड : मल्टीटूल कसे निवडावे, कसे बाळगावे



शाळेत रोज काही ना काही सैल होतं, अडकतं, निसटतं. कुणाच्या चष्म्याचा स्क्रू पडतो. बाकाचा खिळा वर येतो आणि गणवेश फाटतो. सायकलच्या चेनमध्ये ओढणी गुंतते, तीही नेमकी शाळा सुटताना. मग शिपाईदादांना शोधा, ते पाना-पक्कड शोधणार, तोवर मूल रडवेलं झालेलं असतं. म्हणून मी गेली काही वर्षे पर्समध्ये मल्टीटूल ठेवते. पक्कड, कात्री, स्क्रू ड्रायव्हर, कानस, पातं अशी छोटी हत्यारं एकाच मुठीत घडी होऊन बसतात, ते मल्टीटूल.

तशी ही कल्पना आपल्याला नवी नाही. आजोबांची चंची आठवा. पान, सुपारी, चुन्याची डबी आणि अडकित्ता. कोकणात आजही कमरेच्या आकडीला कोयता अडकवलेला माणूस दिसतो. ज्याला जे रोज लागतं, ते तो अंगावर बाळगतो. मल्टीटूल निवडतानाही सुरुवात इथूनच करायला हवी, पण आपण करतो उलटं. दुकानात जातो आणि विचारतो, "यात किती टूल्स आहेत?"

हा आकडा फार फसवा असतो. व्हिक्टोरिनॉक्सचा स्पार्टन हा प्रसिद्ध स्विस चाकू घ्या. त्याची १२ कामं सांगितली जातात. मोजून बघा: मोठं पातं, छोटं पातं, डबा फोडायचं पातं, त्याच्याच टोकाला बारीक स्क्रू ड्रायव्हर, बाटली उघडणी, तिच्या टोकाला जाड स्क्रू ड्रायव्हर, तिच्याच बाजूला वायर सोलायची खाच, दाभण, बूच काढायचा स्क्रू, चिमटा, दात कोरायची काडी आणि बारावं काम म्हणजे किल्ली अडकवायची कडी! खोटं काही नाही त्यात, चाकू उत्तमच आहे. पण १२ मध्ये पक्कड नाही आणि कात्रीही नाही. मला रोज लागतात त्या याच दोन गोष्टी.

मुळात ही हत्यारं गरजेतूनच जन्मली. कार्ल एल्सेनर या स्विस कारागिराने १८९१ मध्ये आपल्या देशाच्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्या चाकूत स्क्रू ड्रायव्हर होता, कारण सैनिकाला आपली नवी रायफल खोलावी लागे, आणि डबाबंद अन्न उघडायला वेगळं पातं होतं. पुढे १९७५ मध्ये टिम लेदरमन हा अमेरिकन तरुण बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी सतत बिघडायची, स्वस्त हॉटेलांतले नळ गळायचे आणि त्याच्या खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. घरी येऊन त्याने पक्कडच मध्ये ठेवून बाकीची हत्यारं तिच्या दोन्ही मुठींत बसवली. ते विकायला यायला १९८३ साल उजाडलं. आज मल्टीटूलचे ढोबळ मानाने हेच दोन प्रकार दिसतात: चाकूभोवती रचलेले आणि पक्कडीभोवती रचलेले.

तेव्हा विकत घेण्याआधी एक महिनाभर वहीत टिपून ठेवा, कशाची गरज पडली ते. माझ्या यादीत कात्री १४ वेळा होती, पक्कड ६ वेळा, स्क्रू ड्रायव्हर ५ वेळा. करवत एकदाही नाही. तुमची यादी वेगळी निघेल. शेतावर राहणाऱ्या पालकांना पातं आणि पक्कड लागेल, शिवणकाम करणाऱ्या ताईंना कात्री आणि चिमटा.

आता एक कटू अनुभव सांगते. माझं पहिलं मल्टीटूल मी जत्रेतून दीडशे रुपयांना घेतलं होतं. अकरा हत्यारं, चकचकीत डबी. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी मी पुठ्ठ्याच्या जाड मुकुटाला पात्याच्या टोकाने भोक पाडत होते. जोर दिला आणि पातं मागे मिटलं, ते सरळ माझ्या तर्जनीवर. तीन टाके पडले. मुलं समोरच बसलेली होती.

चूक हत्याराची होती तशी माझीही होती. घडीचं पातं बहुधा नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. धारेच्या दिशेने कापताना ते आणखी उघडायला बघतं, म्हणून काही होत नाही. पण टोकाने टोचलं किंवा पाठीवर दाब आला की ते मिटणारच. काही मल्टीटूलना पातं अडकवणारं लॉक असतं, ते दाबल्याशिवाय पातं मिटत नाही. पातं हवंच असेल तर लॉक असलेलं घ्या आणि भोक पाडायला दाभणच वापरा. दुकानात पक्कड मिटून उजेडासमोर धरा. दोन्ही जबडे टोकाला नीट भिडायला हवेत. स्क्रू ड्रायव्हर उघडून हलवून बघा, खुळखुळला तर ठेवून द्या. आणि मूठ सगळी लोखंडी असते, तिला प्लास्टिकचं आवरण नसतं, तेव्हा विजेच्या चालू वायरला हे हत्यार कधीही लावू नका. फ्यूज काढलाय असं कुणी सांगितलं तरी नको.

पण टाक्यांपेक्षा जास्त लागलं ते पुढचं. दोन आठवड्यांनी सातवीतल्या एका मुलाच्या दप्तरात घडीचा चाकू सापडला. मी रागावले. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमच्या पर्समध्ये पण आहे ना." मुख्याध्यापकांसमोर त्याची आई बसली होती. मला तिच्याकडे बघवेना. मुलाचं काही चुकलं नव्हतं. आम्ही जे करतो ते तो करत होता.

त्या दिवसापासून शाळेच्या पर्समध्ये पातं नाही. बिनपात्याचे मल्टीटूल मिळतात: पक्कड, कात्री, कानस, स्क्रू ड्रायव्हर, चिमटा. पातं असलेलं घरी स्वयंपाकघराच्या खणात असतं. घरी मुलांना शिकवायचंच असेल तर टोक गोल केलेले चाकू मिळतात, त्यांनी सुरुवात करा. बसून, तुम्ही शेजारी असताना, धार अंगापासून लांब, आणि दुसऱ्याला देताना मिटून.

बाळगण्याचा प्रश्न आम्हा बायकांना जरा जास्तच. साडीला खिसा नाही, कुर्त्याला असला तर रुमालापुरता. पक्कडीचं मोठं मल्टीटूल पाव किलोच्या आसपास भरतं. पर्सच्या तळाशी गेलं की शोधेपर्यंत तास संपतो. मी ते चेनच्या छोट्या पाऊचमध्ये, खडूंच्या डबीशेजारी ठेवते. किल्लीच्या जुडग्याला लावायचं तर ५८ मिलिमीटरचं पिटुकलं घ्या, वजन वीस-बावीस ग्रॅम. मोठं हत्यार स्कूटरच्या किल्लीला लटकवू नका, सगळा भार गाडीच्या लॉकवर येतो. सरांनी पट्ट्याला पाऊच लावलं तर चालेल, पण ते मुलांच्या नजरेत भरतं हे लक्षात असू द्या. विमानप्रवासात पात्याचं मल्टीटूल हातातल्या बॅगेत चालत नाही. चेक-इनच्या बॅगेत टाका, नाहीतर सुरक्षा तपासणीत ते तिथेच सोडावं लागेल.

पावसाळ्यात स्टेनलेस स्टीललाही गंजाचे ठिपके येतात. ओलं झालं की सगळी हत्यारं उघडून पुसा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. चामड्याच्या पाऊचमध्ये महिनोन् महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं.

आणि हो, हे हत्यार विज्ञानाच्या तासालाही चालतं. तरफेचे तिन्ही प्रकार एका मुठीत मिळतात. पक्कड आणि कात्री पहिल्या प्रकारच्या, टेकू मध्ये. बाटली उघडणी दुसऱ्या प्रकारची: टोक झाकणावर टेकतं तो टेकू, झाकणाची कड हा भार आणि बल मुठीच्या टोकाला. अडकित्ताही याच प्रकारचा, फक्त वर्गात दाखवायला आता तो शोधावा लागतो. चिमटा तिसऱ्या प्रकारचा, बल मध्ये. त्यात भारापेक्षा जास्त बल आपल्याला लावावं लागतं, म्हणून पकड नाजूक राहते. मुलांना आधी बोटातला काटा काढायला पक्कड हवी की चिमटा ते विचारा, व्याख्या नंतर सांगा.