कोंब आलेला दाणा

माझी आजी नाचणी रात्रभर भिजत घालायची, सकाळी उपसून सुती फडक्यात घट्ट बांधायची आणि पुरचुंडी कोनाड्यात ठेवायची. दीड-दोन दिवसांत फडक्यातून पांढरे कोंब डोकावायचे. लगेच पुरचुंडी सोडून ती दाणे सावलीत पसरायची. "कोंब लई वाढू दिला की दाणा रिकामा हुतोय बघ," म्हणायची.

पुढं नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लीड्सला राहिलो, घरी एल करायला शिकलो, तेव्हा पहिल्याच धड्यात आजी भेटली. एलसाठी लागणारा माल्ट म्हणजे कोंब आणून वाळवलेलं जव. कोंब फुटताना दाण्यात स्टार्चची साखर करणारे एन्झाइम तयार होतात. वेळीच वाळवलं तर एन्झाइमही हाती लागतात आणि स्टार्चही.

एल ही बिअरचीच एक जात, वेगळेपण यीस्टमुळे. एलचं यीस्ट पावाच्या यीस्टच्याच जातीचं. 18 ते 22 अंश सेल्सिअसला ते जोमानं काम करतं, फेसाबरोबर वर येतं. लागर ही बिअरची दुसरी जात; तिच्या यीस्टला 8 ते 12 अंशांची थंडी आणि कितीतरी आठवडे लागतात. म्हणून घरी सुरुवात एलनंच करावी, आणि आधी यीस्ट ठरवावं, मग बाकीचं. इंग्लिश वाणांना फळांचा मंद वास असतो, थोडा गोडवा मागे राहतो. अमेरिकी वाण स्वच्छ आंबवतात, हॉप्सचा कडवटपणा पुढं येऊ देतात. मी इंग्लिश वाणाची सुकी पुडी घ्यायचो, साधारण 11 ग्रॅमची.

डब्यातल्या तयार माल्टच्या पाकापासूनही एल होते. मी दोनदा केली, मन भरलं नाही. दाण्यापासून करण्यातच खरा आनंद. 23 लिटरला 5 किलो माल्ट, भरडलेला, पीठ केलेला नव्हे; रस गाळताना टरफलंच चाळणी होतात. मळलेल्या नाचणीवर असं टरफल नसतं, म्हणून तिचा लगदाच बसतो. भरड 66 अंशांच्या पाण्यात तासभर झाकून ठेवायची. 63 अंशांवर ठेवली तर एल हलकी होते, 69 वर अंगानं भरदार.

मग गाळलेला रस तासभर उकळायचा. हॉप्स ही एका वेलीची फुलं. आधी घातली तर कडवटपणा येतो, शेवटी घातली तर वास. त्या वाफेत मला आमचं गुऱ्हाळ दिसायचं. काहिलीवर मळी आली की गुळव्या भेंडीचं पाणी ओतायचा, मळी गोळा होऊन वर यायची. एलमध्ये शेवटच्या पंधरा मिनिटांत आयरिश मॉस नावाचं समुद्री शेवाळ टाकतात. ते प्रथिनं गोळा करून तळाशी नेतं. दोन्हीकडे रस नितळ करायची धडपड तीच.

रस झटपट 20 अंशांवर आणायचा आणि यीस्ट सोडायचं. इथून पुढं प्रत्येक भांडं निर्जंतुक हवं. एकदा फेस बसला म्हणून सहाव्या दिवशीच मी एल बाटल्यांत भरली. एका रात्री कपाटात एक बाटली फुटली, काचा दारात रुतल्या. त्यानंतर हायड्रोमीटरशिवाय बाटली भरली नाही. घनता 1.050 वरून 1.012 पर्यंत उतरून तीन दिवस तिथंच राहिली की आंबणं संपलं. मद्यार्क सुमारे 5 टक्के.

इंग्लंडमध्ये 1963 पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यानं परवान्याशिवाय मद्य करता येत नाही, घरच्यापुरतंही नाही. म्हणून कोल्हापुरात परतल्यापासून एल केली नाही. पण ते एन्झाइम माझ्या घरातून गेले नाहीत. कोंब आणलेल्या नाचणीची खीर त्यांच्यामुळंच पातळ राहते, म्हणून बाळाच्या छोट्या वाटीत जास्त धान्य मावतं.

गेल्या आठवड्यात भाची बाळाला घेऊन घरी आली. मी नाचणी भिजवली, बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं सोडून पाहिलं. कोंब जेमतेम टोक काढून होते. पाण्याचा हबका मारला आणि गाठ पुन्हा आवळली.