चट्ट्यांपलीकडचा सोरायसिस
सोरायसिस हा त्वचारोग संसर्गजन्य नाही. पण तो मुळापासून बराही होत नाही. वर्षानुवर्षे सोबत राहणाऱ्या अशा आजारात उपशामक शुश्रूषेची, म्हणजे आजार बरा होत नसला तरी त्रास हलका करण्याची, दृष्टी कामी येते. ही शुश्रूषा फक्त अखेरच्या दिवसांसाठी असते, हा गैरसमज आहे. आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या (अखेरच्या टप्प्यातील रुग्णांच्या शुश्रूषेच्या चळवळीच्या) प्रवर्तक सिसिली सॉन्डर्स यांनी वेदनेचे शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक असे चार पदर सांगितले. त्वचारोगातही ते दिसतात: खाजेने झोप उडते, नजरा चुकवायला माणूस भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालतो, लग्नकार्याला जाणं टाळतो. म्हणून मलम-गोळ्या चालू ठेवूनच झोप, मन आणि घरच्यांचा आधार यांचीही विचारपूस हवी. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना चट्ट्यांबरोबर झोपेबद्दल आणि मनःस्थितीबद्दलही सांगा.