दुकानदाराची लेखणी

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. मराठी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता आली. म्हणून आमचे अनेक व्यापारी, कारागीर बांधव मराठीत लिहायला बिचकतात. वास्तविक ही वाट जुनी आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १७व्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीतच रचला. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले.

नव्या लेखकाने आपल्या धंद्यापासून सुरुवात करावी. खामगाव-मलकापूरच्या कापड दुकानदाराने पन्हा, सुताचा नंबर, पक्का रंग समजावून सांगावा. विणताना ताणलेले सूत पाण्यात सैल पडते, म्हणून नवे कापड आटते, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? गल्ल्यावर बोलतो तसेच लिहावे, घरी मोठ्याने वाचावे, जीभ अडखळेल तो शब्द बदलावा. खाली आपले नाव जरूर घालावे. लोक त्याच नावाने ओळखू लागतील.