‘ग्लेब्रस’ म्हणजे गुळगुळीत का?

आजचा शब्द आहे ‘ग्लेब्रस’. रोजच्या इंग्रजीत तो क्वचितच भेटतो. वनस्पतिशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या पुस्तकांत मात्र वारंवार येतो. शब्दकोशात ‘गुळगुळीत’ असा अर्थ मिळाला की आपण समाधानानं पुढं जातो. घोटाळा होतो तो तिथंच.

मूळ लॅटिन शब्द ‘ग्लाबेर’, म्हणजे केस नसलेला, टकला. ‘स्मूद’ हा शब्द वस्तू हाताला कशी लागते ते सांगतो. ‘ग्लेब्रस’ एवढंच सांगतो की इथे केस नाहीत, लव नाही. कोरफडीचं पान घ्या. कडेला काटे आहेत, बेसावध हात फिरवलात तर ओरखडा येईल. तरी ते पान ग्लेब्रसच. उलट तुळशीच्या कोवळ्या देठावर बारीक लव असते. देठ मऊ लागला तरी त्याला हे विशेषण चालत नाही.

आपण भिवंडीत बसून बोलतोय, तर हाच फरक यंत्रमागावर बघू. सुती धाग्यातून बारीक तंतू बाहेर डोकावत असतात. असा ताणा तसाच मागावर चढवला, तर फणीत घासतो, शेजारचे धागे एकमेकांत गुंततात, तुटतात, आणि माग सारखा थांबतो. म्हणून सायझिंगमध्ये ताण्याला खळ देतात. तंतू धाग्याला चिकटून बसतात, वर पातळ थर येतो. धागा गुळगुळीत झाला. ग्लेब्रस झाला का? नाही! केस गेलेले नाहीत, फक्त चापून बसवलेत. तेल लावून भांग पाडावा तसे. पुढे प्रोसेसिंगमध्ये कापड वेगानं ज्योतीवरून नेतात, तेव्हा पृष्ठभागावरचे तंतू जळतात. हा शब्द शोभेल तो त्या कापडाला. (कारखान्यात अर्थात कुणी असं म्हणत नाही.)

आता वैद्यक. शरीरशास्त्रात ‘ग्लेब्रस त्वचा’ म्हणजे मुख्यतः तळहात आणि तळपाय. तिचं भाषांतर ‘गुळगुळीत त्वचा’ केलं, की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढं बाळाचा गाल येतो. गालावर तर लव असते! उलट बोटांच्या टोकांवर रेषांचे उंचवटे आहेत, अंगठा उठतो तो त्यांच्यामुळेच. हलका स्पर्श टिपणारी खास टोकं याच बिनकेसाच्या त्वचेत दाटीनं असतात. धाग्यावरची बारीक गाठ बोटाला कळते, ती त्यांच्याच जोरावर.

पण गजकर्णावरची पुस्तकं वाचताना सांभाळा. तिथे हाच शब्द छाती, पाठ, हात यांच्या त्वचेसाठी येतो. डोकं, दाढी यांसारखे दाट केस तिथे नाहीत, एवढाच अर्थ. तळहात-तळपाय तर त्यातून मुद्दाम वगळलेले असतात. तेव्हा पुस्तक कशाचं आहे ते आधी पाहावं.

याच घराण्यातला आणखी एक शब्द आहे ‘ग्लॅबेला’. दोन भुवयांमधली ती बिनकेसाची जागा, जिथे आपल्याकडे कुंकू लावतात.

मराठीत जवळचा शब्द सुचतो ‘तुळतुळीत’. टकलाला आपण तोच लावतो. पण त्यात चकाकी आहे, नुकताच वस्तरा फिरल्याचा भास आहे. आंब्याच्या पानाला तुळतुळीत म्हणवत नाही. आम्ही तिथे सरळ ‘बिनलवेचं पान’ लिहितो.