हस्ताचा चंद्र आणि मंद केलेला दिवा

१ नोव्हेंबर १९१८, शुक्रवार. शके १८४०, आश्विन वद्य त्रयोदशी. महाराष्ट्रात त्या दिवशी धनत्रयोदशी होती, पण मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीने गावंच्या गावं हबकून गेली होती आणि कित्येक घरांत पणती लावायलाही कुणी उरलं नव्हतं. युरोपात महायुद्ध संपायला अजून दहा दिवस होते. त्या दिवशी पॅरिसमध्ये जन्मलेला मुलगा पुढे प्रसूतितज्ज्ञ झाला. बाळ जन्मताना खोलीतला दिवा मंद करा, आवाज कमी करा, नाळ कापायची घाई करू नका, असं त्याने जगभरच्या डॉक्टरांना सांगितलं. त्याचं नाव फ्रेडरिक लेबॉयर. १९७४ साली आलेलं त्याचं ‘हिंसेविना जन्म’ हे छोटं पुस्तक (इंग्रजीत ‘बर्थ विदाऊट व्हायलन्स’) नैसर्गिक प्रसूतीच्या चळवळीतलं एक महत्त्वाचं पुस्तक मानलं जातं.

वैद्यकाचा देव धन्वंतरी. त्याच्या जयंतीला, म्हणजे धनत्रयोदशीला, जन्मलेला वैद्य पाहिला की पत्रिका मांडण्याचा मोह आवरत नाही. तो मोह पुरा करू आणि मग त्याच मोहाची उलटतपासणीही करू.

ग्रह काय सांगतात

चित्रापक्षीय अयनांश घेतले तर त्या दिवशी रवी तूळ राशीत साधारण १५ अंशांवर, स्वाती नक्षत्रात येतो. तूळ ही रवीची नीच रास, आणि १० अंश हे त्याचं परमनीच स्थान. म्हणजे वर्षभरात प्रकाशाचा कारक ग्रह जिथे सर्वांत दुबळा मानतात, त्या जागेपासून तो फक्त पाच अंश पुढे होता. तुळेचा स्वामी शुक्र स्वराशीतच, रवीच्या अगदी जवळ होता. तो अस्तंगत असला, तरी नीचभंगाच्या, म्हणजे नीचत्व रद्द होण्याच्या, एका प्रचलित नियमात बसतो. चंद्र कन्येत होता आणि दिवसाचा बहुतेक भाग हस्त नक्षत्रात होता.

एवढ्या सामग्रीवर कुठलाही ज्योतिषी रंगात येईल. रवी नीचीचा, म्हणून या माणसाला झगझगीत दिव्यांचा तिटकारा. शुक्राने नीचभंग केला, म्हणून त्याच मंद उजेडातून त्याला कीर्ती मिळाली. स्वातीची देवता वायू, आणि लेबॉयर आयुष्यभर बोलले ते पहिल्या श्वासाबद्दल. हस्ताचं चिन्ह हाताचा पंजा, आणि त्यांचं दुसरं गाजलेलं पुस्तक तेल लावणाऱ्या हातांवर आहे. पाश्चात्त्य ज्योतिषीही रिकाम्या हाताने परतणार नाही. सायन पद्धतीने तोच रवी वृश्चिकेत जातो. कालपुरुषाच्या शरीरात वृश्चिकेकडे जननेंद्रियं दिलेली आहेत, म्हणजे प्रसूतितज्ज्ञाची रास तीच, असं तो म्हणेल.

शंका इथेच सुरू व्हायला हवी. एकच रवी दोन पद्धतींनी दोन राशींत ठेवला आणि दोन्हींकडून तोच माणूस तितकाच नेमका दिसला. त्या शुक्रवारी जगात हजारो मुलं हस्ताच्या चंद्राखाली जन्मली. त्यातलं कुणी शिंपी झालं, कुणी चोर, कुणी वर्ष भरायच्या आत साथीत गेलं. त्यांच्या पत्रिका कुणी उघडून बसत नाही. चरित्र हातात घेऊन पत्रिका वाचली की ती नेहमीच बरोबर येते.

तरीही लेबॉयर यांच्या बाबतीत पत्रिका मिटवून टाकावीशी वाटत नाही. त्याचं कारण त्यांच्या ग्रहांत नसून त्यांच्या विचारात आहे. जन्माच्या वेळी जे घडतं त्याची खूण माणसावर आयुष्यभर राहते, या गोष्टीवर ज्योतिषी आणि लेबॉयर दोघांचाही विश्वास होता. ज्योतिषी त्या वेळचं आकाश पाहतो. लेबॉयर यांनी ती खोली पाहिली.

पॅरिस ते बंगाल

लेबॉयर पॅरिस विद्यापीठात शिकले आणि १९५० च्या दशकात तिथल्याच वैद्यकीय विद्याशाखेत वरिष्ठ पदावर पोहोचले. रूढ पद्धतीने त्यांनी हजारो बाळंतपणं केली. ती पद्धत सर्वांच्या परिचयाची होती: प्रखर दिवे, भांड्यांचा आणि माणसांचा गलबला, बाळ बाहेर येताच त्याचे पाय धरून उलटं लटकवणं, पाठीवर चापटी, लगेच नाळ कापणं, वजनकाटा. बाळ किंचाळलं की सगळे हसत, कारण रडणं म्हणजे जिवंतपणाची खूण. लेबॉयर यांनी त्या हसऱ्या चेहऱ्यांमधल्या त्या एका आक्रसलेल्या चेहऱ्याकडे पाहायला लावलं. पुस्तकातली कृष्णधवल छायाचित्रं अजूनही पाहवत नाहीत.

ही नजर त्यांना दोन वाटांनी मिळाली. एक मनोविश्लेषणाची. आपला स्वतःचा जन्म वेदनादायक झाला होता, असं ते सांगत. दुसरी वाट भारतात येते. स्वामी प्रज्ञानपाद हे बंगाली गुरू, बर्दवानजवळच्या चन्ना आश्रमात राहणारे. वेदान्ताबरोबर त्यांनी फ्रॉइडही वाचला होता आणि शिष्यांना दडपलेल्या भावनांपर्यंत नेण्याची त्यांची स्वतःची रीत होती. त्यांच्याकडे जाणाऱ्या मोजक्या फ्रेंच शिष्यांत लेबॉयर होते, आणि अनेक वर्षं ते भारतात येत राहिले. १९७४ साली पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी स्वामी निवर्तले.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं. दिवे कमी करा. बोलू नका. बाळाला लटकवू नका, आईच्या उघड्या पोटावर ठेवा. नाळेतली धडधड थांबेपर्यंत ती कापू नका, म्हणजे फुप्फुसं कामाला लागेपर्यंत बाळाला दोन्हीकडून प्राणवायू मिळेल. मग कोमट पाण्यात हलकेच बुडवा. या शेवटच्या गोष्टीला पुढे ‘लेबॉयर बाथ’ असं नावच पडलं. पुस्तकानंतर त्यांनी प्रसूतीचा व्यवसाय सोडला आणि ते स्वतःला लेखक म्हणवू लागले.

शांतला आणि पुणे

कोलकात्याच्या वस्तीत लेबॉयर यांना एक तरुण आई दिसली. जमिनीवर पाय लांब करून बसलेली, मांड्यांवर बाळ, हातात तेल. तिचं नाव शांतला. १९७६ साली तेच नाव घेऊन पुस्तक आलं. आपल्याकडे त्या छायाचित्रांचं कुणाला नवल वाटलं नसतं. पाय पसरून बाळाला पालथं घालायचं, टाळूवर तेल जिरवायचं, हातपाय ओढून मोकळे करायचे, मग ऊन पाण्याने न्हाऊ घालून धुरी द्यायची. आजी असो किंवा रोज सकाळी येणारी तेल लावणारी बाई असो, हे सगळं ती डोळे मिटून करते. पण फ्रेंच वाचकाला बाळाच्या अंगाला इतका वेळ हात लावता येतो हीच बातमी होती. ब्राझीलमध्ये या मालिशला ‘शांतला’ हेच नाव रुळलं, आणि २०१७ साली तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने पूरक उपचारांच्या यादीत तिचा समावेश केला. त्याच वर्षी २५ मे रोजी, ९८ वर्षांचे लेबॉयर स्वित्झर्लंडमध्ये वारले.

महाराष्ट्राशी त्यांचा धागा अधिक थेट आहे. गरोदरपणातल्या योगावर त्यांनी १९७८ साली पुस्तक काढलं, त्यातली आसनं करणारी गर्भवती म्हणजे पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांची कन्या वनिता. पुढे त्यांनी श्वासावरही पुस्तक लिहिलं. म्हणजे त्यांची कारकीर्द प्रकाश, हात, देह आणि श्वास या क्रमाने गेली.

कोणतं भाकीत खरं ठरलं?

पत्रिकेची परीक्षा घेता येत नाही, पद्धतीची घेता येते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ती घेतली. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे बायकांचे दोन गट केले. एका गटात लेबॉयर पद्धत, दुसऱ्यात नेहमीची, पण हळुवारपणे केलेली प्रसूती. निष्कर्ष १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले: बाळांच्या तब्येतीत किंवा वागण्यात म्हणण्यासारखा फरक नाही. पण आठ महिन्यांनंतर लेबॉयर गटातल्या आया मात्र, या जन्मपद्धतीचा आमच्या बाळाच्या स्वभावावर परिणाम झाला, असं अधिक प्रमाणात सांगत होत्या.

हे वाचून मला मूळ नक्षत्र आठवतं. मुळावर जन्मलेल्या मुलाचं काही वेगळं नसतं, पण घरातले त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. पडला तरी मूळ, हसला तरी मूळ. जन्मखुणेवरचा विश्वास बाळापेक्षा पाहणाऱ्याला जास्त बदलतो. वाईट बाजूने हे क्रूर आहे. चांगल्या बाजूने, लेबॉयर गटातल्या आयांसारखं, ते बाळाच्या भाग्याचंही ठरू शकतं.

त्यांच्या एकेका सूचनेचं पुढे काय झालं? कोमट पाण्याची आंघोळ टिकली नाही. जागतिक आरोग्य संघटना आता पहिली आंघोळ २४ तास लांबवायला सांगते, कारण बाळ गार पडतं. नाळेबाबत मात्र लेबॉयर जिंकले: किमान एक मिनिट थांबा, एक ते तीन मिनिटांनी कापा, असं संघटना सांगते. त्याने बाळाच्या अंगातलं लोह वाढतं. आईच्या छातीवर उघडं बाळ ठेवणं हा आज नियम झाला आहे. भारत सरकारच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिगृहातल्या सन्मानपूर्वक वागणुकीचा समावेश आहे.

त्यांच्यावरचा एक आक्षेप मात्र जागच्या जागी आहे. त्यांची सगळी करुणा बाळाकडे वाहिली, आई मागे पडली. कळा देणाऱ्या बाईला काय हवं, हे त्यांनी फारसं विचारलंच नाही. आणि आपणही अंधाऱ्या, ऊबदार बाळंतिणीच्या खोलीची आठवण काढून फार गहिवरू नये. त्या खोलीत शेगडी होती, ऊब होती, तसा धूर होता, न उकळलेली विळी होती आणि धनुर्वात होता. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ वर आले, ते रुग्णालयांमुळे, रक्तपेढ्यांमुळे आणि वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियांमुळे.

जन्म नेमका कधी होतो?

पत्रिकेला एक बिंदू लागतो. लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारा बिंदू, सुमारे चार मिनिटांत एक अंश सरकतं. षष्ट्यंश, म्हणजे राशीचा साठावा भाग, तर साधारण दोन मिनिटांत बदलतो, म्हणून जुळ्यांच्या पत्रिकांत ज्योतिषी तिथे शिरतात. त्यामुळे जन्मवेळ कुठली धरायची हा वाद जुना आहे. डोकं दिसलं ती? सगळं अंग बाहेर आलं ती? पहिलं रडणं? की नाळ कापली ती? पूर्वी खोलीबाहेर घटिकापात्रावर कुणीतरी नजर ठेवून बसे. आता परिचारिका भिंतीवरचं घड्याळ पाहून कागदावर आकडा टाकते.

लेबॉयर यांनी नकळत हा प्रश्नच मोडीत काढला. नाळ धडधडत असताना बाळ आईचंही असतं आणि स्वतःचंही. श्वास सुरू झालाय, पण जुनी वाट अजून बंद झालेली नाही. तीन मिनिटं थांबलं की दीड षष्ट्यंश निघून जातो, आणि त्या सगळ्या वेळात जन्म चालूच असतो. त्यांच्या मते जन्म हा बिंदू नव्हेच, त्याला लांबी असते आणि त्या लांबीत घाई करणं हीच हिंसा.

आपल्या लोकरीतीला हे अगदीच परकं नाही. पंचांग मिनिटाचा हिशेब मागतं, पण सटवाई मिनिटात येत नाही. पाचवीच्या नाहीतर सहाव्या रात्री पाट्याची पूजा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, आणि मग ती कपाळावर लिहिते. म्हणजे बाळाला या जगात रुळायला पाचसहा दिवस दिले जातात आणि नशीब त्यानंतर ठरतं. दोन हिशेब एकाच घरात सुखाने नांदत आले.

आज तिसरा हिशेब आला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. त्यातली पुष्कळशी गरजेपोटी. पण मुहूर्त पाहून शस्त्रक्रियेची वेळ मागणारी कुटुंबंही डॉक्टरांना भेटतात, आणि ३९ आठवडे पूर्ण व्हायच्या आत गरज नसताना बाळ काढलं तर त्याला श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो, हे त्यांना माहीत नसतं. यात ज्योतिषाचाही पराभव आहे. जन्मवेळेला अर्थ असतो ती आपल्या हातात नसते म्हणून. डॉक्टरांकडून ठरवून घेतलेल्या वेळेवरून बाळाचं भविष्य वाचायचं म्हणजे आपलंच पत्र आपल्याला आल्यासारखं वाचायचं.

लेबॉयर यांच्या पत्रिकेतून मी घेतो ते एवढंच. हस्त, स्वाती, धनत्रयोदशी हे योग सुंदर आहेत, आणि ते योगायोग आहेत. ज्यांना पत्रिका करायची आहे त्यांनी जरूर करावी. त्यासाठी खोलीतल्या कुणीतरी घड्याळ पाहावं. पण बाळंतपणाआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत: सगळं ठीक असेल तर नाळ किती वेळाने कापणार? बाळ लगेच आईजवळ देणार का? खोलीत दिवा आणि आवाज कमी ठेवता येईल का? आणि आईसोबत तिचं माणूस थांबू शकेल का? ग्रहांवर आपलं काही चालत नाही, दिव्याच्या बटणावर चालतं.