वरचा टाका भरला, पण आत काय?



"ताई, वरचा टाका तर भरला, मग आत अजून का ओढतं?" वसई-विरार परिसरातल्या पाड्यांवर आणि वीटभट्ट्यांवर सिझेरियन झालेल्या बाया मला हे नेहमी विचारतात. म्हणून या अंकात हा विषय.

सिझेरियनमध्ये पोटाचे थर आणि गर्भपिशवी कापून बाळ बाहेर काढतात. जखम भरताना आत चिवट तंतू तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भपिशवी, लघवीची पिशवी, आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटू शकतात. अनेकींना काहीच जाणवत नाही, काहींना ओढल्यासारखे दुखते. क्वचित आतडे अडकते. उलट्या, फुगलेले पोट आणि शौच-वारा बंद, असे झाल्यास लगेच रुग्णालय गाठावे.

खरी अडचण पुढच्या सिझेरियनला येते. चिकटलेले भाग सोडवताना वेळ जातो, रक्तस्राव वाढतो, लघवीच्या पिशवीला इजा होऊ शकते. शिवाय वार जुन्या व्रणावर रुजली, तर ती गर्भपिशवीत खोल शिरू शकते व मग सुटत नाही. अमेरिकेत सुमारे ३०,००० सिझेरियनच्या अभ्यासात (२००६) हा धोका पहिल्या वेळी ०.२४ टक्के, तर चौथ्या वेळी २.१३ टक्के आढळला.

सिझेरियन वाईट नाही. गरजेच्या वेळी ते आई-बाळाचा जीव वाचवते. पण त्याचे प्रमाण वाढते आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के, २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के.

आपल्या आदिवासी भगिनींची अडचण वेगळीच. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याहून कुटुंबे भट्टीवर येतात, पावसाआधी परततात. पहिले सिझेरियन एकीकडे, दुसरे बाळंतपण दुसरीकडे. कागद घरी राहतो आणि आधी काय झाले ते नव्या डॉक्टरांना कळत नाही.

म्हणून आम्ही प्रत्येकीला चार गोष्टी सांगतो. डिस्चार्ज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत कायम जवळ ठेवा. सोनोग्राफीत वार कुठे आहे ते विचारा. जिथे ऑपरेशन आणि रक्ताची सोय आहे, तिथेच बाळंतपण करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझेरियन व रक्त मोफत आहे. आणि बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्यात किमान दोन वर्षांचे अंतर ठेवा.

तुमच्याकडून एकच मागणे: धर्मग्रामात रक्तदान शिबिर असेल तेव्हा जरूर या. अशा शस्त्रक्रियेत तुमची एक बाटली एखाद्या लेकराची आई वाचवू शकते. या भगिनींना प्रार्थनेतही आठवा.