जावास्क्रिप्टच्या मूलतत्त्वांची पारख

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अमरावती विभागात अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशिम हे पाच जिल्हे मोडतात, आणि अकोल्याहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, प्राचीन लेण्यांसाठी व रेणुकामातेच्या टेकडीसाठी ओळखले जाणारे पातूर हे तालुक्याचे गाव याच विभागात येते. या विभागातील ज्या कनिष्ठ महाविद्यालयांत बारावीच्या विज्ञान शाखेला माहिती तंत्रज्ञान हा विषय आहे, तेथील विद्यार्थ्याला २०२०च्या पाठ्यपुस्तकातील प्रगत जावास्क्रिप्टचे स्वतंत्र प्रकरण अभ्यासावे लागते आणि त्यावरील प्रश्न संगणकासमोर बसूनच सोडवावे लागतात, कारण या विषयाची ८० गुणांची परीक्षा ऑनलाइन होते व उरलेले २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. पातूर तालुक्यातील विद्यार्थ्याची प्रोग्रॅमिंगशी पहिली औपचारिक गाठ पडते ती बहुधा अशा एखाद्या प्रश्नपत्रिकेतून. म्हणूनच त्या भाषेचे ज्ञान नेमके कशावरून जोखावे, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो.

जावास्क्रिप्ट ही वेबपानाला हालचाल देणारी भाषा आहे. पानावरचा मजकूर आणि त्याची मांडणी एचटीएमएल ठरवते, रंगरूप सीएसएस ठरवते, तर बटण दाबल्यावर काय घडावे, अर्जातील चौकट रिकामी राहिल्यास कोणती सूचना दिसावी, बेरीज कशी व्हावी हे सारे जावास्क्रिप्टकडे असते. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिला आजचे नाव मिळाले आणि जून १९९७ मध्ये ती एक्मा या संस्थेच्या प्रमाणपत्रिकेत नोंदली गेली. जावा या भाषेशी तिचे नावापुरतेच नाते आहे. जगातील असंख्य जुनी पाने तिच्यावर चालत असल्यामुळे आरंभीच्या घाईत राहिलेले दोष पुढे दुरुस्त करता आले नाहीत, कारण दोष काढला तर त्याच्या आधारावर उभी असलेली पाने कोसळली असती. याचे प्रसिद्ध उदाहरण 'नल' या मूल्याचे आहे. नल म्हणजे 'येथे मुद्दाम काहीही ठेवलेले नाही' असे सांगणारे मूल्य; तथापि मूल्याचा प्रकार सांगणाऱ्या 'टाइपऑफ' या क्रियेला ते दिले असता ती 'ऑब्जेक्ट' असे उत्तर देते, कारण मूळ बांधणीत ऑब्जेक्टची खूण शून्य होती आणि नलही आतून शून्यच होता. हा दोष काढण्याचा प्रस्ताव आला आणि फेटाळलाही गेला. त्यामुळे या भाषेची मूलतत्त्वे येणे म्हणजे तिचे नियम जितके येणे तितकेच तिचे हे जुने व्रणही ओळखता येणे होय.

मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत रिकाम्या जागा, चूक की बरोबर, जोड्या, एक अचूक पर्याय, दोन अचूक पर्याय, तीन अचूक पर्याय, थोडक्यात उत्तरे आणि शेवटी प्रत्यक्ष प्रोग्रॅम असे प्रकार असतात. यांतील रिकाम्या जागा आणि एकपर्यायी प्रश्न बहुतांशी नावे विचारतात, म्हणजे अमुक काम करणारे फंक्शन कोणते एवढेच, आणि नाव ओळखणारा विद्यार्थी ते फंक्शन कधी फसवते हे जाणत असेलच असे नाही. दोन किंवा तीन अचूक पर्यायांचे प्रश्न त्याहून सकस आहेत, कारण तेथे प्रत्येक पर्याय स्वतंत्रपणे तपासावा लागतो. खरी पारख मात्र ओळख विचारणाऱ्या प्रश्नात नसून अशा प्रश्नात असते की, चार ओळींचा प्रोग्रॅम समोर ठेवून तो चालवण्यापूर्वी त्याचे उत्तर कागदावर लिहायला सांगावे आणि ते तसेच का येईल याचे कारणही मागावे.

असा एक प्रश्न वऱ्हाडातील बाजार समितीच्या व्यवहारावरून सहज घडवता येतो. एका शेतकऱ्याचे सोयाबीन दोन गाड्यांतून आले, पहिल्या गाडीचे वजन १२ क्विंटल आणि दुसऱ्या गाडीचे ८ क्विंटल भरले, अडत्याच्या वेबपानावर दोन चौकटींत हे आकडे टाइप झाले आणि प्रोग्रॅमने अधिक चिन्ह वापरून त्यांची बेरीज केली, तर पडद्यावर २० क्विंटल दिसत नाही, १२८ क्विंटल दिसते. चौकटीतून येणारे प्रत्येक मूल्य हे मजकूर असते, त्याला स्ट्रिंग म्हणतात, आणि अधिक चिन्हाच्या कोणत्याही एका बाजूला स्ट्रिंग असली की जावास्क्रिप्ट बेरीज न करता दोन्ही तुकडे जोडते. वजाबाकीच्या चिन्हाला जोडण्याचा अर्थच नसल्यामुळे तीच दोन मूल्ये वजा केली तर भाषा त्यांना निमूटपणे संख्या करून ४ हे बिनचूक उत्तर देते. तोच माल, त्याच चौकटी आणि चिन्ह बदलताच वागणूक निराळी: या न विचारता होणाऱ्या प्रकारबदलाला कोअर्शन म्हणतात, आणि नवशिक्यांच्या कितीतरी चुकांचे मूळ तेथेच सापडते.

यावर वर्गात शिकवला जाणारा उपाय म्हणजे 'पार्सइंट' हे फंक्शन, जे मजकुरातून पूर्णांक काढून देते. मात्र वजन १२.५० क्विंटल असेल तर पार्सइंट दशांशचिन्हापाशी थांबते, १२ परत देते आणि शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून ५० किलो माल कोणतीही चूक न दाखवता नाहीसा होतो. दशांशासह वाचणारे 'पार्सफ्लोट' येथे चालते, 'नंबर' हेही चालते. पण चौकट रिकामी राहिली तर नंबर तिला शून्य मानते आणि पार्सफ्लोट 'नॅन' हे मूल्य देते. नॅन म्हणजे 'संख्या नव्हे' अशी खूण. तिचा प्रकार विचारला तर भाषा 'नंबर' असेच सांगते आणि ती स्वतःशी ताडून पाहिली तरी समान ठरत नाही. वजन भरायचे राहून गेले असताना शून्य क्विंटलची पट्टी छापली जाणे हे नॅन दिसण्यापेक्षा जास्त धोक्याचे आहे, कारण नॅन निदान डोळ्यांत खुपते. दोन मूल्ये ताडून पाहताना दुहेरी समान चिन्ह आधी प्रकार बदलून घेते व तिहेरी समान चिन्ह प्रकारासह तुलना करते, हा नियमही याच साखळीतला आहे.

संख्यांविषयी आणखी एक गोष्ट तपासून पाहण्याजोगी आहे. जावास्क्रिप्टची सर्वसाधारण संख्या ६४ बिटांच्या द्विमान रूपात साठवली जाते आणि ०.१ किंवा ०.२ हे अपूर्णांक त्या रूपात नेमके बसत नाहीत, म्हणून त्यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. पैशांचे हिशोब रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवण्याची पद्धत यामुळेच पडली. पूर्णांकांनाही सीमा आहे. ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचे पूर्णांक निर्धोक असतात, त्यामुळे १२ अंकी आधार क्रमांक संख्या म्हणून साठवला तरी बिघडणार नाही. पण त्या सीमेपुढचा १६ अंकी कार्ड क्रमांक शेवटच्या अंकात बदलू शकतो. क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही, त्यांना मजकूर म्हणूनच ठेवावे, हे उत्तर ज्याला सुचते त्याला प्रकार ही कल्पना समजली आहे असे खुशाल म्हणावे.

चल म्हणजे मूल्य ठेवण्यासाठी नाव दिलेली जागा, आणि अशा चलांच्या व्याप्तीचा प्रश्न नोकरीच्या मुलाखतींत हमखास येतो. 'व्हार' ने घोषित केलेले चल संपूर्ण फंक्शनभर एकच असते, तर २०१५ च्या प्रमाणपत्रिकेने आणलेली 'लेट' आणि 'कॉन्स्ट' ही महिरपी कंसाच्या आतच राहतात. त्यामुळे शून्यापासून तीन फेऱ्यांच्या आवर्तनात तीन बटणे तयार करून प्रत्येकाला आपला क्रमांक दाखवायला सांगितले, तर व्हारच्या बाबतीत तिन्ही बटणे ३ हाच आकडा दाखवतात, कारण बटण दाबले जाईपर्यंत ते एकमेव चल तेथे पोचलेले असते, आणि लेटच्या बाबतीत प्रत्येक फेरीला स्वतंत्र चल मिळाल्याने ०, १, २ असे दिसते.

आतापर्यंतचे प्रश्न जगात कोठेही विचारले जातात. मराठी विद्यार्थ्याला मात्र एक खास परीक्षाक्षेत्र उपलब्ध आहे आणि पाठ्यपुस्तकांनी त्याचा पुरेसा उपयोग करून घ्यायला हवा होता. 'पातूर' हा शब्द स्ट्रिंग म्हणून ठेवून त्याची लांबी विचारली तर उत्तर ३ येत नाही, ५ येते. कारण युनिकोडमध्ये प, काना, त, दीर्घ उकार आणि र अशी पाच स्वतंत्र चिन्हे नोंदलेली असतात आणि जावास्क्रिप्ट अक्षरे न मोजता ती चिन्हे मोजते. शब्द उलटा करून दाखवा हा सरावातला नेहमीचा प्रश्न याच शब्दावर चालवला असता 'रतूपा' अपेक्षित असताना 'रूताप' मिळते, कारण उलट्या क्रमात उकार र ला आणि काना त ला जाऊन चिकटतो. इंग्रजी शब्दांवर बिनचूक चाललेला प्रोग्रॅम येथे उघडा पडतो, आणि स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची नव्हे तर संकेतांकांची माळ आहे ही गोष्ट एका उदाहरणात पटते. वाचकाला दिसणारी अक्षरे वेगळी करून देणारे 'सेगमेंटर' हे साधन आता भाषेच्या आंतरराष्ट्रीयीकरण विभागात उपलब्ध आहे.

अंकांचीही तीच गत आहे. वर दिलेले सर्व आकडे छपाईच्या रीतीनुसार देवनागरीत असले तरी प्रोग्रॅममध्ये ते आंतरराष्ट्रीय अंकांत लिहावे लागतात. एखाद्या शेतकऱ्याने मोबाइलच्या मराठी कळफलकावरून चौकटीत देवनागरी १२ भरले, तर नंबर आणि पार्सइंट ही दोन्ही फंक्शने नॅन परत देतात. गंमत अशी की उलट दिशेचे काम भाषा नीट करते: सव्वा लाख ही संख्या मराठी पद्धतीने दाखवण्यास सांगितली की १,२५,००० असे देवनागरी अंक आणि आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम ती स्वतः देते, पण स्वतःच छापलेला तो मजकूर परत वाचायला दिला तर तिला तो वाचता येत नाही. यावर उपाय पंधरा ओळींतही बसतो. देवनागरी शून्याचा संकेतांक २४०६ आहे आणि पुढचे नऊ अंक त्याच्यामागोमाग क्रमाने येतात, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या संकेतांकातून २४०६ वजा केले की अंकाची किंमत हाती येते. दशांशचिन्ह तसेच ठेवावे, स्वल्पविराम गाळावा आणि याखेरीज दुसरे काही आढळल्यास वापरणाऱ्याला तसे कळवावे. आवर्तन, अट, फंक्शन, स्ट्रिंग आणि संख्या यांतील फरक, चुकीच्या भरणीची हाताळणी ही बारावीच्या अभ्यासक्रमातील जवळजवळ सगळी मूलतत्त्वे या एका प्रोग्रॅमला लागतात, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत तो घालायला ब्राउझर व एक साधा मजकूर-संपादक यांपलीकडे प्रयोगशाळेत काहीच असावे लागत नाही.